खोतांचा खिळा

भाऊसाहेब खोतांना आंबा खायला कळायचा, झाड मात्र काडीचं कळायचं नाही. द्वारकाकाकीनं स्वतःच्या हातानं बांधलेलं हापूसचं कलम बारा वर्षांनी लगडलं, तसा त्यांनी मामलेदारापुढं दावा ठोकला की झाड आपलंच. काकीचं पोट त्या एका झाडावर.

“हा घ्या पुरावा!” झाडाखाली आलेल्या मामलेदाराला दोन पुरुष उंचीवरचा पितळी खिळा दाखवत खोत म्हणाले. “कलम छातीएवढं होतं तेव्हा मी खोडात ठोकला. झाडाबरोबर तोही वर गेला.”

वाडीत खोतांपुढं बोलतो कोण? काकी मात्र फणकारली, “साहेब, झाड वाढतं शेंड्याला. खोड जाड होतं, पण खोडावरची खूण जागची हलत नाही. ही बघा माझ्या कलमाची गाठ. लावलं तेव्हा जमिनीपासून वीतभर होती, आजही वीतभरच आहे. माझी गाठ बारा वर्षं खाली बसून राहिली आणि खोतांचा खिळा तेवढा वर चढला होय? खिळा नाही चढला, साहेब. शिडीवर खोतच चढले!”

मामलेदारानं गाठीला वीत लावून पाहिली आणि पोट धरून हसला. झाड काकीचं ठरलं. खोतांना भर उन्हात चढून खिळा उपटावा लागला, आणि शिडी धरायला वाडीतलं एक माणूस पुढं आलं नाही.