सामाच्या शेतातला मूग

फार पूर्वी अश्मक देशात भद्रसेन राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या पदरी शेतांची मोजणी करणारा अधिकारी होता. त्या जन्मी त्याचे नाव सुमित्र.

एका फाल्गुनात गोदाकाठी गारा पडल्या. हाताशी आलेला गहू घटकाभरात भुईसपाट झाला. राजाने कोठारे उघडली. पण पूर्वी काही अधिकाऱ्यांनी लाच खाऊन धडधाकट शेतेही बुडाली म्हणून लिहिली होती, त्यामुळे त्याने सक्त आज्ञा केली, "पडलेले पीक डोळ्यांनी पाहाल, त्याच घराला धान्य द्या. वेगळे लिहील त्याच्या अधिकाराची मुद्रा काढून घेईन."

गावोगाव फिरत सुमित्र विसाव्या दिवशी शेवटच्या गावी पोचला. तिलक आणि सामा या म्हाताऱ्या जोडप्याच्या बांधावर येऊन तो थबकला. शेतात गहू नव्हताच. मुगाची कोवळी रोपे डुलत होती.

"इथे गारा पडल्या नाहीत का?"

"पडल्या की!" तिलक म्हणाला. "पण आमच्या हिला धीर कुठला? चौथ्या दिवशी सगळं काड गावच्या गुरांपुढे टाकलं आणि विहिरीचं पाणी ओढून मूग पेरला. अधिकारी येईतो थांब म्हटलं, तर ऐकेल ती सामा कसली!"

"मग काय, आडव्या गव्हाचं तोंड बघत बसू?" सामा फणकारली.

शेजारचा भल्लक हळूच म्हणाला, "माझा पडलेला गहू इथे पसरतो. तुम्ही तेवढा पाहा नि लिहा."

"नको रे बाबा, रोपं दबतील," सामा म्हणाली. "आणि खोटं कशाला?" मग ती सुमित्राकडे वळली. "चेहरा किती सुकलाय, लेकरा! बस, पेज घे."

मडक्यातली दाट पेज त्याच्या वाट्याला आली. वरचे पाणी त्या दोघांनी वाटून घेतले. वाढताना सामाचे काडाने चिरलेले हात सुमित्राला दिसले.

राजधानीत जाऊन त्याने राजाला तिलक-सामाची हकीकत सांगितली आणि आपली मुद्रा त्याच्यापुढे ठेवली. "महाराज, आपल्या आज्ञेप्रमाणे या घराला दाणाही मिळत नाही. ती दोघे रडत बसली असती तर मिळाला असता. असे लिहायला माझा हात धजत नाही."

मंत्री म्हणाला, "उद्या सगळेच म्हणतील, आमचेही पडले होते."

"म्हणून एकट्याला विचारू नये. गावाला पारावर बसवून विचारावे. राजाला फसवता येते, शेजारच्या बांधाला नाही."

राजा म्हणाला, "मी चोरांसाठी कुंपण घातले, आणि कष्टाळू माणसेच बाहेर राहिली." त्याने मुद्रा उचलून स्वतः सुमित्राच्या हाती दिली. "जा, त्या घरच्या धान्याची गाडी आधी हाक."

ही कथा सांगून शास्ता, भिक्षूंचे गुरू, हसले. म्हणाले, "भिक्षूंनो, आपल्या आमराईला पाणी घालणारे हे वृद्ध दांपत्य तेव्हाचे तिलक आणि सामा. अजूनही तसेच भांडतात. विहाराची शिस्त राखणारे आपले कडक स्थविर म्हणजे भद्रसेन राजा. सुमित्र मी होतो. सत्याला धक्का न लावता जी दुसऱ्याच्या कामी येते, तीच खरी करुणा."