वावटळीचं लग्न

फार फार जुनी गोष्ट. तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही दात फुटले नव्हते, तेव्हाची. डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक जवान गडी राहायचा. सगळे त्याला वावटळ म्हणत. तो पाया पडला की म्हाताऱ्यांचा आशीर्वाद मोकळ्या जमिनीवर पडायचा. तोवर हा वेशीबाहेर!

त्याचं लग्न ठरलं. वडीलधाऱ्यांनीच ठरवलं, तशी तेव्हा रीतच होती. निघताना आत्या म्हणाली, "अरे, मुलीचं नाव, गाव तरी ऐकून घे."

"मुहूर्त टळला तर मुलगी हातची जाईल, आत्या! वाटेत ऐकतो." असं म्हणून त्यानं घोड्यावर टांग टाकली. वाटेत सांगणारी आत्या बैलगाडीत, मैलभर मागं.

एका गावाच्या शिवेवर माणसं नारळ आणि आरतीचं ताट घेऊन उभी होती. नवरदेवाची सीमांतपूजा करायला त्याचाच सासरा उभा होता हो! वावटळीनं त्यांच्या तोंडावर धूळ उडवली आणि नदी ओलांडून पलीकडचं गाव गाठलं. तिथं सनई वाजत होती. "आलं गाव!" म्हणत त्यानं घोड्यावरून उडीच टाकली.

तिथल्या मंडळींनीही आपल्या जावयाचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, लवकर आला, गुणाचा दिसतो. बोहल्यापुढं अंतरपाट धरायला भटजी सरसावले. पण मांडवाच्या दारात बायका आडव्या आल्या.

"नवरदेव, नाव घ्या, मगच पाऊल टाका."

"कुणाचं?"

"अगं बाई! जिच्यासाठी धापा टाकत आलात, तिचं!"

वावटळीच्या मुंडावळ्या घामानं कपाळाला चिकटल्या. मिश्री लावत बसलेली एक म्हातारी म्हणाली, "त्याला नका छळू गं. घोड्याला विचारा, त्याला ठाऊक असेल."

मांडव हसून हसून वाकला. तेवढ्यात खरा नवरदेव डुलत डुलत बैलगाडीतून आला आणि त्यानं ठसक्यात उखाणा घेतला. वावटळीनं छातीवर हात ठेवला. बायका आडव्या आल्या नसत्या, तर दुसऱ्याच्याच नवरीला माळ घातली असती की!

त्यानं घोड्याचा लगाम धरला आणि पायी, विचारत विचारत माघारी निघाला.

शिवेवर सासरा पागोटं झटकत होता. शेजारी आत्या. तिची बैलगाडी कधीच पोचली होती!

"सांगू का आता नाव?"

"सांग, आत्या. सावकाश सांग."

"आवडा."

सासरा गुरगुरला, "सकाळचा मुहूर्त तुम्ही घोड्याखाली तुडवलात. गोरज मुहूर्त आहे अजून. पण मुलगी म्हणते, धूळ खाली बसली असेल, तरच आत यावं."

"बसली हो, मामंजी!" वावटळ म्हणाला, आणि त्याच्या जिवात जीव आला.

गाई घरी परतताना आवडानं त्याच्या गळ्यात माळ घातली. पुढं तो जन्मभर चपळच राहिला; पण उंबऱ्यावर थांबून आधी विचारायचा, "कुठं, आणि कशाला?"

म्हणून सांगतो, लहानथोरांनो: कुठं जायचं हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा घोडा जितका जोरात पळेल, तितकं त्याचं परतीचं चालणं वाढेल.