कानपिळीचा खड्डा

इथे बघण्यासारखं फार काही नाही, हे आधीच सांगून टाकतो; मागाहून तोंडं वाकडी करायची नाहीत. तुमच्या पायाशी हा गुडघाभर खोल खड्डा. त्याच्या वरच्या अंगाला ते लिंडनचं झाड. झाडाच्याही वर तो कोरीव दगड, आणि टेकडीच्या माथ्यावर क्रेनश्टाइन किल्ल्याच्या उरलेल्या भिंती. दगड खरा या खड्ड्यातला. तो वर कसा गेला, ते सांगतो. बाई, तुम्ही जरा कडेपासून लांब उभ्या राहा, माती भुसभुशीत आहे.

असं सांगतात, चारशे वर्षांपूर्वी या किल्ल्यात एकाच सरदार घराण्याच्या दोन शाखा राहत. दरवाजा एक, विहीर एक, चुली दोन. भाऊबंद एकमेकांचे गळे धरतील हे पूर्वजांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी टेकडीभोवती दगड पुरले आणि सगळ्यांना शपथ घातली. दगडांच्या आत जो भावावर शस्त्र चालवील, त्याचं डोकं जाईल. बाहेर मात्र, उघड वैर पुकारलेलं असलं, की खुनाला खून म्हणत नसत.

दगड कुठे आहेत हे कोणी विसरू नये, म्हणून किल्ल्यातली आणि गावातली लहान मुलं तिथे नेऊन त्यांचा कान पिळत. चांगला लाल होईपर्यंत. दुखलेलं माणूस विसरत नाही. फाइट आणि यॉर्ग या चुलतभावांचे कान एकाच दिवशी इथे पिळले होते म्हणे.

मोठेपणी दगडांबाहेर शिकारीत, रानडुक्कर कोणाचं एवढ्यावरून भांडण पेटलं आणि फाइटच्या हातून यॉर्गचा धाकटा भाऊ मेला. यॉर्गने चर्चमध्ये क्रुसावर हात ठेवून वैर पुकारलं. तेव्हापासून फाइट दगडांच्या बाहेर पडला नाही. वर्षानुवर्षं मारणारा आणि ज्याला मारायचं तो, दोघे एकाच विहिरीचं पाणी पीत राहिले. रोज सकाळी दरवाजात यॉर्ग गोड आवाजात विचारी, "काय दादा, आज कुठवर फिरणार?"

"लिंडनपर्यंत," फाइट म्हणे.

"जपून जा हो."

फाइटची बायको अपोलोनिया हे रोज ऐकायची. नवरा परत दिसेपर्यंत ती खिडकीत उभी राहायची. झाड दगडाच्या आत आहे, काही होणार नाही, असं स्वतःला बजावत राहायची.

एका सकाळी दाट धुकं होतं. फाइट सवयीने झाडापाशी आला आणि यॉर्गच्या माणसांनी त्याला धरून गुडघ्यावर बसवलं. धुकं विरलं तेव्हा सगळ्यांना दिसलं, की दगड झाडाच्या वर उभा आहे. म्हणजे झाड बाहेर, फाइटही बाहेर. जुनी जागा बुजवून वर गवताची ढेकळं थापलेली होती. माती अजून ओली होती.

पण यॉर्गलाही स्वतःचं डोकं प्यारं होतं. त्याला साक्षीदार हवे होते. त्याने सगळं गाव बोलावलं. भावाच्या मानेवर तलवार ठेवून एकेकाला विचारलं, "दगड कुठे होता?"

फाइट घाबरलेला नव्हता, हेच मला सगळ्यात भयंकर वाटतं. तो म्हणे चक्क हसला. "विचार, विचार! प्रत्येकाचा कान इथे पिळलाय."

गिरणीवाला खाली बघत म्हणाला, "तिथेच होता, सरकार. वर." मग लोहार. मग सुईण. अपोलोनिया प्रत्येकाचा हात धरत होती. "अहो, माझ्याकडे बघा. नुसतं खरं सांगा, एकाने तरी सांगा." कोणी तिच्याकडे बघितलं नाही. शेवटच्या माणसाने होकारार्थी मान डोलावली आणि यॉर्गने तलवार चालवली.

त्यानंतर पहिल्या पावसात बुजवलेला खड्डा खचला. पुन्हा बुजवला, पुन्हा खचला. आणि जे खोटं बोलले होते, त्यांच्या पिळलेल्या कानात पहाटे पावलं वाजू लागली. कोणीतरी सावकाश टेकडी उतरून येतंय, झाडापाशी येतंय, आणि थांबतंय. पुढे काही नाही. ते थांबणंच सोसवत नसे म्हणे. लोकांनी कानात मेण ओतलं. यॉर्गने तर आपला कान सुरीने कापून टाकला, तरी पावलं येतच राहिली. तो गाव सोडून पळाला आणि परमुलखात वेडा होऊन मेला.

अखेर सारं गाव अपोलोनियाकडे गेलं. एकेक जण खड्ड्यात उतरून मोठ्याने म्हणाला, "दगड इथे होता." पावलं थांबली. दगड परत खाली आणू का, असं विचारल्यावर मात्र ती कडाडली, "राहू दे तिथेच! आठवत तर तेव्हाही होतं तुम्हाला. तुमच्या पोरांना आठवायला नका शिकवू. घाबरलेलं असताना बोलायला शिकवा."

आजही दर वसंतात आम्ही गावातल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांना इथे आणतो. वर दगडापाशी गावप्रमुख उघडी तलवार घेऊन उभे राहतात आणि घसा फाडून ओरडतात, "दगड इथेच होता! हो म्हण!" ओरडणं खोटं-खोटं नसतं, मोठी माणसंसुद्धा दचकतात. काही मुलं घाबरून हो म्हणतात. त्यांना कोणी हसत नाही, रागावत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा आणतात.

यंदा गावप्रमुखांचीच लेक होती, लीना. बापाचा तो अवतार बघून तिला रडू फुटलं. नाक गळतंय, तशीच ती खड्ड्यात उतरली आणि हुंदके देत म्हणाली, "नाही बाबा. इथे होता."