दिवाळी अंकांची मुदत

एकदा एक वयोवृद्ध आचार्य प्रोग्राम लिहायला नव्याने शिकणाऱ्या आपल्या वर्गात आले आणि म्हणाले, "तुमच्यापैकी एकाचा प्रोग्राम गावच्या वाचनालयाला द्यायचा आहे. पुस्तकांची देवघेव यापुढे त्यावरच चालेल."

केतकीने मनोमन तो मान घेऊनही टाकला. बुद्धी तल्लख, पण स्वभाव उतावळा. तिचा प्रोग्राम सर्वांआधी तयार झाला, आणि तोही सर्वांत आटोपशीर. वाचक म्हणजे 'क', पुस्तक म्हणजे 'ख'. उगाच लांबलचक नावे कोण लिहीत बसणार? शेजारचा निहाल मात्र प्रत्येक गोष्टीला पुरते नाव देई, प्रत्येक भागावर टीप लिही. "लग्नपत्रिका छापतोयस का रे?" असे ती त्याला चिडवी.

निवडीच्या दिवशी दोघांचेही प्रोग्राम बिनचूक चालले. तेव्हा आचार्य म्हणाले, "आता जागा बदला. दिवाळी अंकांना पुस्तकांपेक्षा कमी मुदत हवी आहे. एकमेकांच्या प्रोग्राममध्ये तेवढी सोय करा."

"सर, माझा मीच बदलते ना. लगेच होईल."

"म्हणूनच तू नको," आचार्य म्हणाले.

केतकी इरेला पेटली. तिने निहालचा प्रोग्राम उघडला, तर समोरच टीप: मुदतीचे नियम येथे आहेत. तिने एक नियम वाढवला, चालवून पाहिला. चालला! तिला आकाश ठेंगणे झाले. "सर, झालं माझं. मी पहिली."

निहाल अजून घाम पुसत होता. "केतकी, वर 'क' म्हणजे वाचक. मग इथे 'क'मध्ये तारीख कशी?"

ती वाकून पाहू लागली. बराच वेळ पाहिले. तिलाही सांगता येईना.

आचार्य म्हणाले, "पोरी, यंत्राला 'क' काय आणि 'ख' काय, सारखेच. पण वाचनालयाचे नियम बदलतील तेव्हा तू तिथे नसशील. तुझे लिखाण उघडून कुणी अनोळखी माणूस बसेल. त्याच्यासाठी लिहावे. आज तू पहिली आलीस हे खरेच, पण तुझी वाट कुणी मोकळी करून ठेवली होती?"

आपण आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या, हे केतकीला उमगले. तिला लाज वाटली, आणि नवल म्हणजे आनंदही झाला.

"सर, वाचनालयात निहालचाच द्या," ती म्हणाली. "आणि निहाल, सरक जरा. माझा आपण दोघं मिळून पुन्हा लिहू."