पाडसाची पाठवणी

एका राज्यात सहा महिने बर्फ असे आणि सहा महिने चिखल. उत्तरेला देवदारांचे अरण्य, अरण्यात शंभर तळी, आणि तळ्यांकाठी मूस नावाची हरणे राहत. हरीण कसले, घोड्याहून उंच धूड! नराच्या माथ्यावर सुपासारखी पसरट शिंगे, गळ्याखाली लोंबती झालर. कळप करणे त्यांना ठाऊक नाही. ज्याची वाट त्याला. पाडस तेवढे वर्षभर आईमागे चालते.

त्या राज्याच्या राजाने एका वसंतात नवजात पाडसाला पोटाखाली घेऊन उभी असलेली मूस-माता बाणाने मारली. आईवाचून पाडसही गेले. तेव्हा अरण्याची राखण करणारी जोगीण दरबारात आली. तिने राजाला बोटही लावले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! तिने राजपुत्र भद्रसेनाकडे पाहिले, आणि त्याच्या जागी सिंहासनाशेजारी तांबूस पाडस थरथरत उभे राहिले.

भद्रसेन सोळा वर्षांचा होता. तरी राणी हेमांगिनी त्याला आपल्या हाताने घास भरवी. ती जोगिणीच्या पायांवर पडली.

"उःशाप द्या, माते."

"ती आई जगती तर तिने वर्षात तीन कामे केली असती. ती तू कर. पुढच्या वसंतात तळ्यावरचे बर्फ फुटल्यावर आठ दिवसांत तिसरे पुरे झाले नाही, तर हा जन्मभर पशू."

"कोणती कामे?"

"अरण्याला विचार."

राजाने त्या धक्क्याने प्राण सोडला. सिंहासन रिकामे पडले. राणी पाडसाला घेऊन अरण्यात गेली. देवदारावर एक डोमकावळा बसला होता. तो म्हणाला, "राणी, पलीकडच्या काठावर एक मूस आपल्या पाडसाला वाढवते आहे. ती करील ते कर."

उन्हाळ्यात ती मूस पाण्यात शिरली, डोके बुडवून तळाचे गवत उपटून वर आली, आणि पाडसाला पोहायला लावले. राणीने कधी गुडघाभर पाण्यात पाय घातला नव्हता. तीही बुडी मारून गवत काढायला शिकली, आणि आपल्या पाडसालाही तिने पोहायला लावले. पहिले काम झाले.

हिवाळ्यात लांडगे आले. मूस पळाली नाही. झाडाला पाठ लावून तिने पुढच्या खुरांनी लांडगे तुडवले. राणीही जळते लाकूड घेऊन पाडसापुढे उभी राहिली. तिच्या दंडाचा लचका गेला, पण पाडस वाचले. दुसरे काम झाले.

वसंत आला, बर्फ फुटले. राणी म्हणाली, "कावळ्या, तिसरे काम याच्यासाठी मरण्याचे असेल. मी तयार आहे."

"मरणे सोपे आहे, राणी. समोर पाहा."

समोर मूसचे पोट जड झाले होते. नवे पाडस येणार होते. वर्षाचे पाडस सवयीने जवळ आले. आईने कान मागे पाडले, मानेचे केस उभारले आणि त्याच्या अंगावर धावली. ते परत आले. ती पुन्हा धावली.

राणीला कळले, आणि तिचे काळीज फाटले. सात दिवस तिने काठी उचलली नाही. सात दिवस पाडस तिच्या मांडीवर मान ठेवून निजले.

आठव्या दिवशी ती उठली. "जा!" ती ओरडली. पाडस खेळ समजून जवळ आले. तिने काठी मारली. ते दूर गेले, पुन्हा आले. दुसरा घाव बसला. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा तिला डोळ्यांपुढचे दिसत नव्हते. तरी काठी पडली. पाडस पाण्यात शिरले, पोहत गेले. एकदाही वळले नाही. पैलतीरावर एक तरुण उभा राहिला आणि आपल्या पायांनी नगराकडे चालू लागला. राणी मागोमाग धावली नाही.

भद्रसेनाचा अभिषेक झाला. वसंतात मूसची शिकार बंद, हा त्याचा पहिला हुकूम. भोजनाला राणी शेजारी बसली. सवयीने तिने घास उचलला, आणि हात अर्ध्यावर थांबला. तो घास तिने त्याच्या ताटात ठेवला.

"घ्या, महाराज," ती म्हणाली.

राजाने तो आपल्या हाताने खाल्ला.

वनाचे वनाला पावले, राज्याचे राज्याला पावले. सांगणारा थांबला, ऐकणाऱ्याने आपल्या वाटेने जावे.