काळ्या अंगणाची सोनकी

सोनकीला वाटलं होतं, उन्हाची परी सोन्यासारखी झगमगत असेल. तिच्या पंखांतून केशरी, गुलाबी ठिणग्या उडत असतील आणि ती हसून विचारेल, "काय हवंय गं छकुले?" पण रानातल्या शेवटच्या उंबराखाली बसली होती एक इवलीशी, थकलेली परी. एक पंख कडेने करपलेला. अंगावरची झळाळी विझत आलेल्या निखाऱ्याएवढीच.

सोनकीची वाडी कोळसा करणाऱ्यांची. झाडं तोडायची, मातीखाली धुमसत ठेवायची, कोळसा विकायचा. आता झाडं सरत आली होती आणि उन्हाळा सरत नव्हता. परवा शेजारच्या काकूचं तान्हं बाळ उष्म्याने गेलं. आज सोनकीचा धाकटा भाऊ भिवा डोळेच उघडत नव्हता.

"परीताई, सूर्य विझव! माझा भिवा भाजतोय!"

"एकच इच्छा देईन," परी हळूच म्हणाली. "पण जे मागशील ते साऱ्या वाडीच्या वाट्याला येईल, आणि परत घेता येणार नाही. म्हणून आधी बघ."

तिने चिमुकला तळहात सूर्यासमोर धरला. गवताच्या पात्यांवर चंदेरी हिम चढलं. पाखरं गप्प झाली. सोनकीचे दात वाजू लागले.

"नको, नको!" सोनकी ओरडली तसा परीने हात मागे घेतला. "पण मग ऊन आम्हाला एवढं का छळतं?"

"वेडे, माझे किरण हवेतून सरळ खाली येतात. हवा त्यांना फारशी अडवत नाही. जमीन त्यांना पिते, तापते, आणि मग तीच हवेला तापवते. वर हवेचीच एक पातळ गोधडी आहे. ती ऊब धरून ठेवते, म्हणून पृथ्वी रात्री गोठत नाही. पण धुराने ती गोधडी जाड होत चाललीय. आणि काळा रंग तर किरण घटाघटा पितो."

सोनकी दचकली. वाडीतलं सगळ्यात काळं, तुकतुकीत अंगण तिच्या आयचं! शेणात कोळशाची पूड कालवून सारवलेलं. भिंतीही तशाच. गंज चढू नये म्हणून पत्र्याला डांबर. त्याच पत्र्याखाली भिवा निपचित पडला होता.

"मग माझ्या भिवाला..." सोनकी थांबली. तिला काकूचा रिकामा पाळणा आठवला. "आज रात्री आमच्या वाडीतलं एकही लेकरू दगावू नये."

"सगळी धग मला प्यावी लागेल. उद्या मी नसेन, सोनके."

सोनकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "उद्याचं मी बघते, परीताई."

परीने तिच्या कपाळाची पापी घेतली. वाडीवरची धग तिच्या इवल्याशा अंगात शिरत गेली. पानापानांतून सोनेरी, निळा, मोतिया उजेड झरला. आणि उंबराखाली कोणीच उरलं नाही.

सकाळी भिवाने डोळे उघडले. "सोने, पेज दे की."

त्याला पेज पाजून सोनकी ओढ्यावर गेली, पांढऱ्या मातीची पाटी भरून आणली, कालवली आणि थेट छपरावर चढली.

"अगं ए, डोकं फिरलं का तुझं?" आय खालून ओरडली. "अख्ख्या वाडीत माझ्यासारखं काळं अंगण नाही! लोक हसतील!"

"हसू देत. आधी छप्पर, मग अंगण, मग काकूचं घर. सगळं पांढरं करणार. आणि आये, तो उंबर मी कुणाला तोडू देणार नाही."

आयची नजर काकूच्या दाराकडे गेली. मग खाली वाकून तिने दुसरी पाटी उचलली.