गेलेल्या रेडिओचा आकडा

एकदा एक भुसार मालाचा व्यापारी आपल्या पत्नीला जुन्या मोटारीतून माहेरी सोडायला निघाला होता. पहिली पत्नी निवर्तल्यानंतर त्याने उतारवयात दुसरे लग्न केले होते. या दुसरीचे नाव शैलजा. ती घरात फारसे बोलत नसे, आणि त्या सकाळी बोलली ती एवढेच, की मला माहेरी सोडा, मी आता परत यायची नाही. व्यापारी हबकला. भांडण नाही, तंटा नाही, मग हे काय? वाटेत घाटाच्या पायथ्याशी एका वृद्ध गुरुजींचा मठ होता. त्यांनी हिला समजुतीचे दोन शब्द सांगावेत, या आशेने त्याने गाडी तिकडे वळवली.

गाडी थांबली तरी शैलजा मागच्या सीटवर बसूनच राहिली. व्यापाऱ्याने गुरुजींना नमस्कार केला, सकाळची हकिगत घाईघाईने सांगितली आणि मग भलतेच गाऱ्हाणे लावून धरले. दुःख मोठे असले की माणूस लहान तक्रारीला लोंबकळतो, त्यातलाच हा प्रकार.

"गुरुजी, आज सगळंच बिनसलंय. हा रेडिओसुद्धा बोलेना!"

गाडीसोबत आलेला मूळ रेडिओ जळाला होता. म्हणून त्याने अगदी तसाच दुसरा, भंगारात निघालेल्या एका गाडीतला, आणून बसवला होता. वाटेत गाणी लागली तर हिचे मन वळेल, असा बेत. पण रेडिओच्या पडद्यावर आकडा मागणारी अक्षरे नुसती लुकलुकत होती.

गुरुजींचा एक शिष्य यंत्रविद्या शिकलेला होता. तो सरसावला. "असे रेडिओ वायरीपासून सुटले की आपोआप कुलूपबंद होतात. गुप्त आकडा दिला की उघडतात."

"आकडा मला तोंडपाठ आहे," व्यापारी म्हणाला. "बॅटरी बदलली की दर वेळी हाच देत आलोय."

शिष्याने तो आकडा दिला. रेडिओ मुकाच. "अरे, नीट दाब की!" शिष्याने पुन्हा दिला. मग व्यापाऱ्याने त्याला बाजूला सारले आणि स्वतःच्या अंगठ्याने, चांगला जोर लावून, तोच आकडा दिला. तेव्हा रेडिओने आकडा मागणेही सोडले आणि थांबण्याची सूचना दाखवली. शिष्याने मोबाइलवर शोधून सांगितले, की आता तासभर रेडिओ चालू ठेवून थांबायचे. मध्ये बंद केला तर तास पुन्हा पहिल्यापासून.

"मग थांबू या," गुरुजी म्हणाले. "कुणी हात लावायचा नाही."

शिष्य बुचकळ्यात पडला. इथे एक संसार मोडायला निघाला आहे, आणि गुरुजी रेडिओची वाट पाहत बसणार? गुरुजी खरोखरच ओसरीवर वालाच्या शेंगांची टोपली घेऊन बसले. थोड्या वेळाने गाडीतल्या उकाड्याला कंटाळून शैलजा खाली उतरली, त्यांच्यासमोर बसली आणि कुणी न सांगताच शेंगा सोलू लागली. गुरुजींनी ना चौकशी केली, ना उपदेश.

व्यापारी अंगणात येरझाऱ्या घालत शिष्यापाशी कुरकुरत होता. "हिला मी काय कमी केलं, सांग. पहिलीला जे जे आवडायचं ते ते सगळं हिला आणून देतो. तोच अंजिरी रंग, तोच मोगरा. पहिली तर गाणी लावल्याशिवाय गाडीत बसायची नाही, म्हणून हा रेडिओ! पण ही ढिम्म. घेते आणि कपाटात ठेवून देते. मग मी आणखी आणतो."

तेवढ्यात ओसरीवरून शैलजाचा आवाज आला. आमच्याकडे वालात गूळ जरा सढळ हाताने घालतात, असे ती गुरुजींना सांगत होती. व्यापारी जागच्या जागी थांबला. तिच्या तोंडून असे काही त्याने कधी ऐकलेच नव्हते.

तास सरला. आकडा मागणारी अक्षरे पुन्हा लुकलुकू लागली. व्यापारी अंगठा पुढे करून धावला. गुरुजींनी मध्ये हात घातला.

"पुन्हा तोच?"

"तोच बरोबर आहे, गुरुजी! इतकी वर्षं चाललाय."

"चालला असेल. बाळ, रेडिओ बाहेर काढ आणि उलटा कर."

पडदा आणि बटणे सगळी पुढे; रेडिओ उलटा करून काय मिळणार, हे शिष्याला कळेना. तरी त्याने बाजूच्या फटींत सळया घालून तो ओढून काढला. खालच्या पत्र्यावर त्या रेडिओचा स्वतःचा क्रमांक होता. शिष्याने कपाळावर हात मारला. सेवा केंद्राला फोन करून त्याने तो क्रमांक सांगितला आणि केंद्राने त्यावरून आकडा कळवला. व्यापाऱ्याच्या आकड्याशी त्याचे लांबचेही नाते नव्हते. रेडिओ परत बसवून हा आकडा दिला, आणि तो लगेच बोलू लागला. कांद्यावरच्या करपा रोगाविषयी बोलू लागला, पण व्यापाऱ्याला तेही गोड लागले.

गुरुजी म्हणाले, "शेठजी, हा बिघडला नव्हता. आपल्या जागेवरून काढून परक्या ठिकाणी बसवलं की गप्प राहायचं, अशी याची घडणच आहे. तुमचा आकडाही खोटा नव्हता. तो गेलेल्या रेडिओचा होता. तुम्ही तो प्रेमानं दिलात, जोरानं दिलात, आणि दर खेपेला हा अधिकच मिटला. याचं काय ते याच्यापाशीच पाहायला हवं होतं."

शैलजा हातातली शेंग तशीच धरून म्हणाली, "म्हणजे मी रेडिओ होय, गुरुजी?"

"छे! रेडिओ परवडला, बाई. त्याला एकदा विचारलं की काम भागतं. माणसाला रोज विचारावं लागतं."

व्यापाऱ्याला लाज वाटली, आणि उशीर तर झाला नाही ना, अशी भीतीही वाटली. तो ओसरीपाशी आला.

"तुला... गाडीत बसल्यावर काय हवं असतं?"

शैलजाने त्याच्याकडे रोखून पाहिले. "काच उघडी. मला गाडी लागते. तुम्ही धुळीपायी काचा घट्ट लावून घेता."

"धूळ तिला सोसायची नाही," तो पुटपुटला. "आणि गाणी?"

"डोकं उठतं माझं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी?"

व्यापारी गाडीकडे गेला. त्याने रेडिओ बंद केला आणि एकेक करून सगळ्या काचा खाली केल्या. शैलजा पदर झटकत उठली आणि या खेपेला पुढच्या सीटवर जाऊन बसली.

गाडी फाट्यावर पोचली आणि माहेरच्याच रस्त्याला लागली. शिष्य कळवळून म्हणाला, "गुरुजी, एवढा खटाटोप करून रेडिओ बंदच केला. आणि बाईही माहेरीच निघाल्या. मग आपण साधलं काय?"

गुरुजींनी रस्त्याकडे बोट दाखवले. गाडी अगदी सावकाश चालली होती. उघड्या काचेतून शैलजाचा हात बाहेर येऊन हातवारे करत होता, आणि व्यापाऱ्याचे डोके एकसारखे तिच्याकडे वळत होते.

"माहेर जवळ आहे रे," गुरुजी म्हणाले. "पण तिचं सांगून व्हायचंय अजून. त्याला पुन्हा यावं लागेल ऐकायला."

पुढच्या वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत शिष्य रस्त्याकडे पाहत राहिला.